डायमॉक्स की टोपिरामेट?

इडिओपॅथिक इंट्राक्रेनियल हायपरटेन्शन (IIH) या आजारात कवटीतला दाब वाढतो, कारण सापडत नाही, डोळ्यामागची नस सुजते. वजन उतरवणं हा मुख्य उपाय. पण तोवर गोळी कोणती?

डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, मेंदूभोवतीचं पाणी कमी तयार होऊ देते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या चाचणीत 165 रुग्ण होते. वजन उतरवणारा आहार सगळ्यांनाच, पण ही गोळीही घेणाऱ्यांची नजर जास्त सुधारली. डोकेदुखीत मात्र म्हणावा तसा फरक नाही. बोटांना मुंग्या येतात, सारखं लघवीला जावं लागतं, आणि सोडा तर पत्रा चाटल्यासारखा लागतो.

टोपिरामेट मायग्रेनवरही चालते, भूक मारते. पण शब्द हरवतात: "अगं, ते दे ना, भाजी ढवळायचं..." वर्गात शिकवणाऱ्या बाईला हे परवडत नाही. शिवाय गर्भाला धोका, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होऊ शकतो. हा आजार बहुतेक तरुण बायकांनाच होतो, म्हणून हे डॉक्टरांशी आधीच बोलावं.

मुतखड्याची भीती दोन्हीकडे.

माझं मत: नजरेला धोका असेल तर डायमॉक्स. नजर शाबूत आणि मायग्रेनसारखं डोकं ठणकत असेल, तर टोपिरामेटबद्दल विचारावं. नजर झपाट्याने जात असेल तर गोळ्यांवर विसंबू नये, तातडीने रुग्णालय गाठावं.