नौदल दिनाच्या ‘प्रदर्शना’साठी मॉडेल मागायला कुणी आलं तर आधी हे वाचा

ठाणे आणि नवी मुंबईत स्केल मॉडेल, म्हणजे जहाजं, विमानं यांच्या प्रमाणबद्ध छोट्या प्रतिकृती, करणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती, हे वाचा आणि ओळखीतल्या मॉडेलवाल्यांना पाठवा. प्रदर्शनात मांडायला म्हणून मॉडेल न्यायची आणि परस्पर विकून टाकायची, असा प्रकार गेल्या वर्षी आम्हा काही जणांच्या बाबतीत घडला. तो माणूस अजून सापडलेला नाही. डिसेंबर जवळ आला की तो पुन्हा कुणाला तरी गाठणार, असं मला वाटतं.

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो कुणाच्या तरी ओळखीने आला. बोलणं अभ्यासू माणसाचं. ४ डिसेंबर हा नौदल दिन, ८ डिसेंबर हा पाणबुडी दिन, कारण १९६७ साली त्या तारखेला पहिली आयएनएस कलवरी ही पाणबुडी नौदलात दाखल झाली. हे दोन दिवस धरून ठाण्यात फक्त पाणबुड्यांचं प्रदर्शन भरवायचं, असं त्याने मांडलं. फॉक्सट्रॉट आणि किलो या पाणबुड्यांच्या दोन वर्गांतला फरक त्याला तोंडपाठ होता. शाळांची मुलं रांगेने बघायला येतील, असं तो म्हणाला, आणि तिथेच आम्ही सगळे हरखलो. पाणबुडीचं मॉडेल करणाऱ्याला बघायला येणारे मिळतात कुठे? विमानं आणि रणगाडे सगळ्यांना आवडतात. पाणबुडी म्हणजे लोकांना काळी नळी वाटते. सभागृहाच्या बुकिंगची पावतीही त्याने ग्रुपवर टाकली होती.

मग एक फॉर्म आला. मॉडेल कोणतं, स्केल किती, चारही बाजूंनी फोटो, आणि ‘विम्यासाठी’ अंदाजे किंमत. विम्याचे म्हणून दर मॉडेलमागे दीड हजार रुपये यूपीआयने, तेही एका व्यक्तीच्या खात्यावर. हा फॉर्म नीट लक्षात ठेवा. सगळ्या कारस्थानाचं मूळ तोच आहे. आमचेच फोटो आणि आम्हीच लिहिलेल्या किमती, यातून त्याची विक्रीची यादी आयती तयार झाली.

माझं मॉडेल म्हणजे रेव्हेल कंपनीच्या किटमधली, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या संचातली, १/७२ स्केलची (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी) टाइप सेव्हन सी, जर्मन यू-बोट, म्हणजे पाणबुडी. खरी बोट सुमारे ६७ मीटरची, त्यामुळे मॉडेल तीन फुटांहून थोडं लांब होतं. या बोटीच्या बाहेरच्या कवचाला फटींच्या रांगाच रांगा असतात. बोट बुडी मारते तेव्हा त्यांतून पाणी आत शिरतं आणि हवा बाहेर पडते. माणसं असतात ती आतल्या मजबूत, बंद नळकांड्यात. किटमध्ये यातल्या बऱ्याच फटी नुसत्या खोलगट खुणा असतात. मी त्या एकेक करून बारीक ड्रिलने उघडल्या, कानसेने सरळ केल्या आणि आतून काळा रंग दिला, म्हणजे उजेड पडला की मागे खरंच पोकळी आहे असं दिसतं. फटींखालून गंजाचे ओघळ ऑइल पेंटने काढले. वरचा मनोरा चिकटवला नव्हता, दोन चिमुकल्या लोहचुंबकांवर बसवला होता, आणि त्याच्या आतल्या बाजूला माझं नाव आणि महिना-साल लिहिलं होतं.

टेम्पो आला, अॅक्रिलिकच्या केससकट मॉडेल नीट थर्माकोलमध्ये बांधून नेलं. लेटरहेडवर पोच मिळाली, पण तिच्यावर ‘एक मॉडेल’ एवढंच. पत्ता अर्धवट.

३ तारखेला मांडणीला मदत करायला मी सभागृहावर गेलो. ऑफिसमधल्या ताईंनी रजिस्टर उघडून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिथे लग्नाचं रिसेप्शन होतं, आणि आमच्या पावतीवरचा नंबर भलत्याच कार्यक्रमाचा होता. त्याचा फोन बंद. ग्रुपमधूनही तो बाहेर पडला होता.

माझं मॉडेल सापडलं ते डोंबिवलीच्या एका मित्रामुळे. जुन्या वस्तूंच्या विक्रीच्या जाहिरातीत त्याला ते दिसलं. फोटो मीच फॉर्मसोबत पाठवलेला, मागे आमच्या खिडकीची जाळी आणि कुंडी. मित्राने चौकशी केली तोवर मॉडेल पुण्यातल्या एका गृहस्थांनी विकत घेतलं होतं. जाहिरातीखाली त्यांचाच प्रश्न होता, म्हणून त्यांच्यापर्यंत पोहोचता आलं. मी फोनवर त्यांना एवढंच म्हणालो, “मनोरा हलक्या हाताने सरळ वर उचला आणि आत बघा.” ते काही क्षण बोललेच नाहीत. मग त्यांनी माझं नाव वाचून दाखवलं. त्या भल्या माणसाचे पैसे बुडाले, तरी पोलिसांसमोर मॉडेल परत द्यायला ते स्वतः आले. त्यांच्याइतकं वाईट मला दुसऱ्या कशाचं वाटलं नसेल.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न येतो, “वस्तू तुम्हीच दिली होती ना?” हो, दिली होती, ठरावीक कामासाठी आणि परत घेण्याच्या बोलीवर. विश्वासाने सोपवलेली वस्तू लांबवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये येतं आणि फसवणूक कलम ३१८ मध्ये. हे शांतपणे सांगा आणि तक्रारीची प्रत घेतल्याशिवाय उठू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यात वळण्याआधी कळवलं तरच ते अडवले जाण्याची आशा असते.

मॉडेल बाहेर द्यायचंच असेल तर सभागृहात स्वतः जाऊन तारीख विचारा. पावतीचा फोटो कुणीही बनवतो. विमा खरा असेल तर कंपनीची पॉलिसी हातात येते आणि पैसे कंपनीच्या खात्यावर जातात. पोचपावतीवर किट, स्केल, लांबी आणि परत करायची तारीख लिहून घ्या, सोबत ओळखपत्राची प्रत. कवचाचे दोन भाग चिकटवण्याआधी आत नाव लिहायची सवय तर आजपासूनच लावा, आणि त्याचा फोटो स्वतःजवळ ठेवा, कुणालाही पाठवू नका.

आमच्यातल्याच नेरूळच्या एका काकांचं मॉडेल मात्र अजून मिळालेलं नाही. ते किट नव्हतं. गोदीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेली आयएनएस कुरसुरा ही फॉक्सट्रॉट पाणबुडी जाऊन पाहिली आणि पीव्हीसी पाइप, लाकूड आणि पुट्टीतून १/१०० स्केलची फॉक्सट्रॉट उभी केली. लांबी साधारण ९१ सेंटिमीटर, मागे पितळी पत्र्याचे हाताने कापलेले तीन पंखे, शिसवी स्टँड. स्टँडखाली हिरवी बनात आहे, तिच्या आत पेन्सिलीने काकांची सही आहे. असं मॉडेल कुणी विकायला काढलेलं दिसलं तर विकणाऱ्याला संशय येऊ देऊ नका, पैसे देऊ नका, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. नवी मुंबईत तक्रार नोंदलेली आहे.