पॉइंट टू-टूसोबत दहा महिने: हे काडतूस पुढं टिकेल का?

गेल्या ऑक्टोबरात १० मीटर एअर रायफल सोडून ५० मीटरवर आलो. रायफल जर्मन, टार्गेटची, वापरलेली. ती लायसनवर चढेपर्यंत गेलेले महिने यात धरत नाही. सांगलीत घरी रोज पोझिशन धरायची, रिकामा ट्रिगर ओढायचा, आणि महिन्यातून दोनदा पहाटे गाडी काढून पुण्यातली बालेवाडीची रेंज गाठायची. वहीत आजवर २,३०० गोळ्यांची नोंद आहे, सगळ्या .२२ लाँग रायफलच्या, म्हणजे याच पॉइंट टू-टू काडतुसाच्या.

आधी मनात बसलेलं सांगतो. या काडतुसात लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेला गठ्ठा, हेच सर्वस्व. पहिल्या लॉटनं टेकू देऊन दहा गोळ्या साधारण १४ मिलिमीटरमध्ये बसवल्या. तो संपत आला, त्याच कंपनीचं तसंच खोकं आणलं, फक्त लॉट नंबर वेगळा, आणि ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा फैलाव, २४ वर गेला. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे हा फरक किती महागात पडतो बघा. तीन आठवडे मी स्वतःच्या खांद्याला आणि श्वासाला दोष देत होतो. एकदा जुन्या लॉटच्या उरलेल्या वीस गोळ्या मारल्या तेव्हा कळलं.

एका स्वस्त खोक्यात ५० पैकी तीन काडतुसं उडालीच नाहीत. .२२ सारख्या रिमफायर काडतुसात पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत पसरलेला असतो. एखाद्या ठिकाणी तो कमी पडला आणि पिन नेमकी तिथं बसली की काडतूस गप्प राहतं. नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, मग बोल्ट उघडायचा. नवशिक्यांनो, इथं घाई करू नका. एप्रिलमध्ये काडतुसांचा डबा उन्हात राहिला तर गोळ्या टार्गेटवर वर लागायला लागल्या, तेव्हापासून तो ओल्या फडक्यात गुंडाळतो. पावसाळ्यात नळीला तेल लावावंच लागतं, पण तेलानंतरच्या पहिल्या आठ-दहा गोळ्या हिशेबात धरायच्या नाहीत.

आता मूळ प्रश्न. मिरजेचा एक मुलगा एअर रायफल चांगली मारतो. त्यानं विचारलं, "दादा, .१७ एचएमआर किंवा ते नवं २१ शार्प घेतलं तर पुढं चालेल का?" ही दोन्ही .२२ सारखीच रिमफायर काडतुसं. मी त्याला नको म्हणालो.

रिमफायरची टोपी, म्हणजे रिकामी केस, घरी पुन्हा भरता येत नाही. सेंटरफायरवाला, म्हणजे ज्याच्या काडतुसात पेटवणारा भाग बुडाच्या मधोमध असतो तो, रिकाम्या केसेस भरून वर्षानुवर्षं काढतो. रिमफायरवाल्याचा मात्र कारखाना थांबला की रायफल भिंतीला लागते. अमेरिकेत १९७० च्या सुमारास ५ एमएम रेमिंग्टन मॅग्नम आलं. वेग जबरदस्त, पण त्याच्या रायफली काही वर्षांतच बंद पडल्या, पाठोपाठ काडतुसंही, आणि लोक कपाटात रायफल ठेवून बसले. .१७ एचएमआर २००२ पासून तिकडं टिकलं, कारण तिथं छोट्या प्राण्यांची शिकार चालते. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते गिऱ्हाईक उरलं नाही, आणि ५० मीटरच्या स्पर्धेत .२२ लाँग रायफलच चालते.

नियम काडतूस मारूही शकतो. रॅपिड फायर पिस्तूलवाले वर्षानुवर्षं .२२ शॉर्ट वापरायचे. २००४ च्या ऑलिंपिकनंतर नियम बदलला आणि त्या पिस्तुलांना स्पर्धेत जागाच राहिली नाही.

२१ शार्पकडं मात्र मी लक्ष ठेवून आहे. .२२ ची गोळी टोपीइतकीच जाड असते, बुडाशी खाच देऊन आत बसवलेली, त्यामुळं शिशाऐवजी तांब्याची चांगली गोळी बनवणं अवघड जातं. २१ शार्पची गोळी थोडी बारीक आहे, ती पूर्ण टोपीत बसते. उद्या शिशावर बंधनं वाढली तर या बनावटीला भाव येईल, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पण ते जेव्हा होईल तेव्हा. आज इथं .२२ चीच मॅच, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाची, काडतुसं मिळवताना दमछाक होते.

आणि .२२ ला आपल्या भागात मागणी येतेय, हे दिसतंय. एनसीसीत अनेकांनी पहिली गोळी हीच मारलेली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारण्याच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य घेतलं, त्यानंतर एअर रायफलची पोरं "५० मीटरला कधी जायचं" विचारायला लागली. अडतं ते रेंजवर आणि काडतुसावर. चांगला लॉट वेळेवर आणि परवडेल अशा दरात मिळाला तर यातली निम्मी पोरं तरी टिकतील.

मी पुढच्या मोसमासाठी एकाच लॉटची हजार काडतुसं मागवलीत, लायसनच्या मर्यादेत बसवून. मिरजेच्या पोरानंही .२२ साठीच अर्ज केलाय. माझ्या रायफलला लागू पडलेला लॉट नंबर त्यानं वहीत लिहून घेतला. त्याच्या नळीला तोच आवडेल असं नाही, हेही मी त्याला सांगितलंय.