सायंकाळची एसटी आणि साठ श्रेयांक: तालुक्याच्या कम्युनिटी कॉलेजविषयी एका दुकानदाराचा अभिप्राय

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे मोटार रिवाइंडिंगचे, म्हणजे जळालेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळण्याचे दुकान आहे. गावातील वरिष्ठ महाविद्यालयाला जोडून जे कम्युनिटी कॉलेज चालते, त्यात आधी माझा भाचा आणि त्याच्या पुढच्या वर्षी माझी पुतणी, अशी घरातली दोन मुले विद्युत उपकरणे व पंप दुरुस्तीची एक वर्षाची पदविका करायला गेली. भाच्याने निम्म्यात सोडले, पुतणीने पूर्ण केले. या अभ्यासक्रमाच्या सल्लागार समितीवर उद्योग प्रतिनिधी म्हणून माझेही नाव आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला माझे म्हणणे त्या हिशेबाने घेता येईल. तीन माणसांच्या दुकानाला उद्योग म्हणण्याची गरज समितीला होती, मला नव्हे. पुढे काही तक्रारी येणार असल्याने कॉलेजचे नाव लिहीत नाही.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या देशात कम्युनिटी कॉलेजची सुरुवात १९९५ मध्ये पाँडिचेरीत झाली आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने चालू महाविद्यालयांतच असे हाताचे काम शिकवणारे वर्ग काढण्याची योजना आणली. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र ३० श्रेयांकांचे (श्रेयांक म्हणजे क्रेडिट, शिकून पूर्ण केलेल्या भागाचे मोजमाप), एक वर्षाची पदविका ६० श्रेयांकांची, दोन वर्षांची प्रगत पदविका १२० श्रेयांकांची, आणि तीन वर्षे पूर्ण केली तर १८० श्रेयांकांची बी. व्होक., म्हणजे व्यवसाय शिक्षणाची पदवी, अशी ही पायऱ्यांची रचना आहे. त्यातील ६० टक्के भाग हाताच्या कामाचा आणि ४० टक्के भाग भाषा, संगणक, हिशेब अशा सामान्य विषयांचा असावा, असा दंडक आहे. कागदावर ही रचना मला फार शहाणपणाची वाटते, कारण मध्येच थांबावे लागलेल्या मुलाच्या हातातही काहीतरी पडावे, असा विचार तिच्यामागे आहे.

लातूर म्हटले की लोकांना दहावी-बारावीचा आणि नीटचा लातूर पॅटर्न आठवतो. त्या रांगेत उभे राहण्याची ज्यांची ऐपत नाही किंवा ज्यांना तेवढे गुण नाहीत, अशी मुलेही याच जिल्ह्यात राहतात आणि बारावी कला शाखेनंतर त्यांच्याकडे कोणी बघत नाही. आयटीआयला जागा मिळाली तर ठीक, नाहीतर शेत, नाहीतर पुणे. आमच्या कॉलेजात येणारी मुले बहुतेक यातलीच आहेत, आणि म्हणूनच तेथे शिकवले काय जाते याइतकेच मूल टिकते का, हेही मी पाहिले.

शिकवण्याबद्दल आधी लिहितो, कारण त्यात चांगले बरेच आहे. प्रात्यक्षिकाच्या खोलीत चोवीस खाचांचा एक स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा, तार गुंडाळायचा भाग आहे. तो किती वेळा गुंडाळला आणि किती वेळा उकलला याचा हिशेब कोणाकडेच नसावा; खाचांच्या कडा मुलांच्या बोटांनी घासून गुळगुळीत झाल्या आहेत. खाचेत आधी वीज अडवणारा लेदरॉइड कागद, मग कॉइल, वरून बांबूची पट्टी, टोकांना दोरा, मग वार्निश, हा सगळा क्रम प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करावा लागतो. पुतणीने तिसऱ्या महिन्यात घरची जळालेली मोनोब्लॉक (पंप जोडूनच येणारी) मोटार दुकानात आणून मला हात लावू न देता गुंडाळली. वार्निश वाळल्यावर वीज कुठे गळते का हे तपासणारा मेगर लावला तेव्हा काटा जिथे जायला हवा तिथेच गेला. शिकवणारे सर तासिका तत्त्वावर आहेत आणि त्यांचे मानधन वेळेवर होत नाही, हे गावात सर्वांना माहीत आहे. तरीही त्यांच्या शिकवण्यात मला कधी उसनेपणा दिसला नाही.

उणीव आहे ती वेगळीच. आमच्या भागात विहिरीपेक्षा बोअर जास्त, आणि दुकानात येणाऱ्या मोटारी बहुतांशी पाण्यात बुडणाऱ्या सबमर्सिबल असतात. त्यांची तार प्लॅस्टिकच्या वेष्टणाची असते आणि ती खाचेतून एकेक वेढा ओढून काढावी लागते. त्यात वेष्टणाला नखाएवढा ओरखडा पडला तरी मोटार पाण्यात गेल्यावर पुन्हा जळते. कॉलेजात मात्र सगळा सराव कोरड्या मोटारीवर. समितीच्या बैठकीत मी दोन जळालेल्या सबमर्सिबल मोटारी फुकट देऊ केल्या. त्या साठा नोंदवहीत कोणत्या सदराखाली दाखवायच्या यावर चर्चा झाली आणि मोटारी आजही माझ्याच दुकानाच्या मागे पडून आहेत.

आता भाच्याची गोष्ट. तो चौदा किलोमीटरवरच्या गावाहून येत असे. त्याच्या गावाची शेवटची एसटी सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी सुटायची आणि प्रात्यक्षिकाचा तास साडेपाचला संपायचा. म्हणजे ज्या ६० टक्के भागासाठी हा अभ्यासक्रम काढला, त्याचाच शेवट खेड्यातल्या मुलांच्या वाट्याला येत नसे. वार्निशचे हात न धुता पळत निघालेली पोरे मी दुकानातून रोज पाहत होतो. ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला आली तेव्हा तो पंधरा दिवस घरी राहिला आणि परतल्यावर त्याला पुढचे काही समजेना. मी रागावलो तेव्हा म्हणाला, "मामा, एसटी हुकली की मुक्कामच पडतंय, अन् वर्गात गेलं तर सर कुठवर गेलेत तेच कळंना." डिसेंबरात त्याने जाणे बंद केले. पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर होती. ती दिली असती तर किमान ३० श्रेयांकांचे प्रमाणपत्र हाती आले असते. हे त्याला कोणी सांगितले नाही, मलाही ठाऊक नव्हते, आणि समितीवर असून ठाऊक नव्हते याची लाज मला अजून वाटते. कॉलेजातून पहिला निरोप आला तो फेब्रुवारीत, आणि तोही राहिलेल्या फीसाठी.

पुढच्या वर्षी अभ्यासक्रम तोच, खोली तीच, सरही तेच होते. बदल एवढाच झाला की समन्वयक म्हणून एक नव्या मॅडम आल्या. त्यांनी पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला गाव, येण्याची एसटी, जाण्याची एसटी आणि घरातील शेतीचे पीक विचारून एका लांब वहीत लिहून घेतले. मग वेळापत्रक उलटे केले: प्रात्यक्षिक सकाळी नऊला, बाकीचे विषय दुपारी, आणि साडेचारला सुट्टी. सलग दोन दिवस मूल आले नाही की तिसऱ्या दिवशी मॅडमचा फोन घरी जातो. पुतणीच्या बाबतीत तो नोव्हेंबरात एकदा आला होता. वहिनींना वाटले मुलीने काही आगळीक केली. मॅडमनी विचारले इतकेच की ताप उतरला का आणि सोमवारी स्टार्टरची जोडणी आहे तिला तेवढी पाठवाल का. काढणीच्या पंधरवड्यात वर्ग ओस पडणारच हे गृहीत धरून त्यांनी त्या काळात नवीन काही शिकवायचे नाही असे ठरवले, आणि आलेल्या मुलांकडून जुन्याचीच उजळणी करून घेतली. यासाठी कोणतेही अनुदान लागले नाही.

ही युक्ती एका बाईच्या चांगुलपणाची आहे, पद्धतीची नाही, असे कोणी म्हणेल, म्हणून एक दाखला देतो. समितीवर घेतल्यामुळे मी या विषयावर थोडे वाचले. न्यूयॉर्कच्या शहर विद्यापीठाने तेथील कम्युनिटी कॉलेजांत २००७ पासून एक कार्यक्रम चालवला आहे. त्यात मुलांनी पूर्णवेळ शिकावे ही अट असते आणि त्या बदल्यात फीची उरलेली तूट भरली जाते, पुस्तकांना मदत होते, बस-मेट्रोचा पास फुकट मिळतो, आणि सल्लागाराकडे मोजकीच मुले सोपवलेली असल्यामुळे त्याला प्रत्येकाशी वारंवार बोलता येते. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या आणि न निवडलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा तीन वर्षांत पदविका पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण ४० टक्के आणि २२ टक्के असे निघाले. मला त्यात पासाचे विशेष वाटले. आपल्याकडे अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटी मोफत आहे, पण ती बारावीपर्यंत. त्यानंतर विद्यार्थ्यांना सवलतीचा पास मिळतो खरा, पण त्यासाठी कॉलेजचा दाखला लागतो, आणि आमच्याकडे तो दाखला मिळायला कधीकधी जुलैचा सप्टेंबर होतो. तोवर पोरगा रोज पूर्ण तिकीट काढतो. पैसे सरकारने सोडलेले आहेत. अडले आहे ते शिक्क्यापाशी.

पुढील वाटेबद्दल मात्र मी या कॉलेजला फार गुण देऊ शकत नाही. प्रवेशाच्या वेळी पालक दोनच प्रश्न विचारतात: हरंगूळच्या रेल्वे कोच कारखान्यात लागेल का आणि महावितरणमध्ये चालेल का. दोन्हींना "प्रयत्न करता येईल" असे गोड उत्तर मिळते. महावितरणच्या विद्युत सहायक पदाच्या जाहिरातीत वीजतंत्री किंवा तारतंत्री या व्यवसायाचे आयटीआय मागितलेले असते. त्या रांगेत ही एक वर्षाची पदविका बसत नाही. हे जूनमध्ये स्पष्ट सांगितले तर काही प्रवेश कमी होतील, पण जे येतील ते डोळे उघडे ठेवून येतील. वर्षाच्या शेवटी रोजगार मेळावा होतो. चाकण-रांजणगावचे ठेकेदार येतात, मुलांच्या हाती पत्र पडते, फोटो निघतो. त्यातली किती मुले दिवाळीला परत येतात आणि पुन्हा जात नाहीत याची नोंद कॉलेजात नाही. मॅडमची लांब वही परीक्षेपाशी संपते. ती पुढे वर्षभर चालू ठेवावी, ही मागणी मी लेखी दिली आहे.

खरे तर काम दाराशी आहे. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के रक्कम भरून तीन, पाच किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो, आणि आमच्या शिवारात आता या पंपांच्या सौर पाट्यांच्या (पॅनेलच्या) रांगा दिसतात. पाच वर्षांची हमी कंपनीची असली, तरी पाटीवर धूळ बसून पाणी कमी झाले, उंदराने वायर कुरतडली, कनेक्टर ढिला झाला, की शेतकरी आधी माझ्याकडे येतो. सौर पाटीतून येणाऱ्या डीसी विजेवर हात टाकायला माझी माणसे घाबरतात, आणि ते बरोबरच आहे. या कामाला शिकलेली मुले हवीत. अभ्यासक्रमात सौर पंपाचा एक घटक आहेही, पण तो भिंतीवरच्या तक्त्यावर शिकवला जातो. कॉलेजच्या आवारात एक पंप उभा राहिला तर चित्र पालटेल.

शिकाऊ उमेदवारीचीही एक गंमत आहे. राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत उमेदवाराच्या विद्यावेतनातील २५ टक्के, जास्तीत जास्त दरमहा १५०० रुपये, सरकार देते. परंतु नियमाने किमान चार कामगारांची आस्थापना लागते. मी आणि माझे दोन कारागीर मिळून तीन. म्हणजे ज्या दुकानांत आमच्या तालुक्यातील बहुतेक मुले प्रत्यक्षात काम शिकतात, ती दुकाने या योजनेच्या हिशेबात नाहीतच. कॉलेजने अशा आठ-दहा दुकानांशी लेखी करार करून तेथील कामाचे तास प्रात्यक्षिकात धरले, तर मुलांना सराव मिळेल आणि माझ्यासारख्याच्या त्या दोन मोटारीही कामाला येतील.

श्रेयांकांबद्दल एक सावधगिरी. पुतणीला बी. व्होक.च्या दुसऱ्या वर्षाला दुसऱ्या महाविद्यालयात जायचे होते. निकालपत्रावर ६० श्रेयांक छापलेले होते, पण २०२१ पासून सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेतील (विद्यार्थ्यांचे श्रेयांक ऑनलाइन नोंदवून ठेवणारी सरकारी व्यवस्था) तिच्या खात्यावर ते जमा झालेलेच नव्हते. कॉलेजचे म्हणणे यादी पाठवली, विद्यापीठाचे म्हणणे यादीत नावाचे स्पेलिंग वेगळे. चार हेलपाटे आणि एक प्रतिज्ञापत्र एवढ्यावर ते मिटले. पालकांनी पहिल्या सत्राच्या निकालानंतर लगेच मोबाइलवर खाते उघडून पाहावे. वर्ष संपायची वाट बघू नये.

एकूण फी आम्हाला आठ हजार पडली आणि साहित्याचे वेगळे सातशे. त्या पैशात मिळालेले हाताचे शिक्षण मला स्वस्त वाटते. ज्याला सरकारी भरतीच हवी आहे त्याने आयटीआयची वाट धरावी. ज्याला गावात राहून दुकान टाकायचे आहे किंवा कोणाच्या दुकानात बसायचे आहे, त्याला मी हे कॉलेज सुचवेन, मात्र आधी मॅडम अजून तेथेच आहेत ना, हे विचारून. त्या गेल्या तर ती वही कोणाकडे जाणार, हा प्रश्न मी मागच्या बैठकीत विचारला होता. इतिवृत्तात तो "सदस्यांनी समाधान व्यक्त केले" असा उतरला.

भाचा सध्या माझ्याच दुकानात आहे आणि हात चांगला चालतो. जुने अर्धे वर्ष धरता येत नाही, नव्याने प्रवेश घ्यावा लागेल, असे कॉलेजने कळवले. त्याने यंदाचा अर्ज भरला आहे. मॅडमनी वहीत त्याच्या गावाची सकाळची सात चाळीसची एसटी लिहिली, पिकाच्या रकान्यात सोयाबीन लिहिले, आणि घरच्या फोनखाली मी माझ्या दुकानाचाही नंबर लिहायला लावला.