घरच्या कॉम्प्युटरचा फायरवॉल: अपडेटनंतर नियम टिकतो का, ते आधी बघा

फायरवॉल म्हणजे नेटवरून कॉम्प्युटरमध्ये काय येतं आणि बाहेर काय जातं, ते नियमांप्रमाणे सोडणारा किंवा अडवणारा राखणदार प्रोग्रॅम. आधी निकाल सांगते. माझ्या कामाच्या लॅपटॉपवर आता विंडोजचा स्वतःचा फायरवॉल आणि त्याच्या जोडीला विंडोज फायरवॉल कंट्रोल हा प्रोग्रॅम, एवढंच आहे. लेकाच्या डेस्कटॉपवर टायनीवॉल. दोन्ही फुकट. विकतचा सिक्युरिटी पॅक दोन्हीकडून काढून टाकला आणि पुन्हा त्यावर एक रुपया घालणार नाही.

पॅकची मुदत ऐन मार्चअखेरीला संपली. मी घरी बसून टॉवेलच्या काही कारखान्यांचे अकाउंट्स बघते, त्या दिवसांत लॅपटॉप बंदच होत नाही. असा पॅक बसवला की विंडोजचा फायरवॉल मागे सरतो आणि पॅकचा पुढे येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मुदत संपल्यावर पॅकचा बंद पडला आणि विंडोजचाही चालू झाला नाही. विंडोज सिक्युरिटी उघडली तर फायरवॉलसमोर लाल फुली. सोलापुरात नवी पेठेतल्या ज्या दुकानातून पॅक घेतला होता, तिथे लॅपटॉप घेऊन गेले. उत्तर मिळालं, "मॅडम, रिन्यू केलं की होतंय की सुरू." मी म्हटलं, रिन्यूचं मी बघेन, तोवर विंडोजचा तरी चालू करून द्या. त्यावर म्हणे, "त्याला फॉरमॅट मारावं लागेल," आणि फॉरमॅटचे पैसे वेगळे. घरी येऊन कंपनीच्याच रिमूव्हर टूलनं पॅक मुळापासून काढला, रीस्टार्ट केलं, विंडोजचा फायरवॉल आपोआप चालू झाला. पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकाला एवढंही सरळ सांगत नाहीत, याचा मला अजून राग आहे. मुदत संपली म्हणून दार सताड उघडं टाकून जाणारा राखणदार घरात कोण ठेवेल?

त्यानंतर फुकटातले एकेक करून वापरत गेले. काही आठवडे एक, मग दुसरा. आता बरेच महिने झालेत, म्हणून लिहिते आहे.

विंडोजच्या फायरवॉलकडे लोक अजून जुन्या विंडोज एक्सपीच्या नजरेनं बघतात. २००१ मध्ये एक्सपी आलं तेव्हा फायरवॉल होता, पण बंद ठेवलेला. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर वर्म (आपोआप पसरणारा व्हायरस) नुसतं नेट जोडलं की आत घुसत होता. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून मग फायरवॉल मुळातच चालू येऊ लागला. बाहेरून आत येणारं अडवायला तो आज पुरेसा आहे. शिवाय घरचा राऊटर, न मागता आलेलं कनेक्शन सहसा आत सोडतच नाही. म्हणून शील्ड्सअपसारखी ऑनलाइन चाचणी करून "सगळे पोर्ट बंद" (पोर्ट म्हणजे कनेक्शनची दारं) दिसले, तर त्याचे मार्क फायरवॉलला देऊ नका. ती चाचणी राऊटरची होते. केबलवाल्यानं एकाच पत्त्यामागे अनेक घरं बसवली असतील, तर त्याच्या यंत्राची.

खरा प्रश्न आतून बाहेर काय जातं हा आहे. एक्सपीनंतरच्या व्हिस्टापासून विंडोजला ते अडवता येतं, पण मुळातली सेटिंग "सगळं जाऊ द्या" अशीच असते. अधूनमधून जी खिडकी उघडून परवानगी मागते, ती आत येणाऱ्या कनेक्शनसाठी असते. बाहेर जाताना कुणाला काही विचारलं जात नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्यात मला याचीच गरज पडते. पारा ४२-४३ ला टेकला की भर दुपारी लाइट जाते. आमचा राऊटर इन्व्हर्टरवर चालतो, पण गल्लीतल्या केबलवाल्याच्या डब्याला इन्व्हर्टर नाही. मग मोबाइलचा हॉटस्पॉट, दिवसाला दीड जीबी. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी ही जीएसटीची रिटर्न भरायची, आणि पोर्टल उघडायच्या आत डेटा संपल्याचा मेसेज आला की जीव टांगणीला लागतो. हॉटस्पॉटला विंडोजमध्ये मीटर्ड (म्हणजे मोजक्या डेटाचं कनेक्शन) करून ठेवलं आहे, ते सगळ्यांनी करा. विंडोज अपडेट त्यानं बऱ्यापैकी थांबतं, पण बाकीचे प्रोग्रॅम ते जुमानतीलच असं नाही. कोण किती खातंय हे शोधायला ग्लासवायर चांगला. प्रोग्रॅमवार आलेख दिसतो, चोर लगेच सापडतो. फोटोंचा बॅकअप आणि न वापरलेल्या प्रोग्रॅमांचे अपडेटर, हेच माझे दोन मोठे चोर होते. ते सापडले आणि ग्लासवायरचं काम संपलं.

आता ज्या एका गोष्टीवरून मी सगळे फायरवॉल तोलते, ती. विंडोज फायरवॉलमधला प्रोग्रॅमचा नियम पूर्ण पत्त्याला बांधलेला असतो: अमुक ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक फाइल. त्या पत्त्यात "या जागी काहीही असलं तरी चालेल" असा तारा टाकता येत नाही. क्रोमचं ठीक आहे, त्याची मुख्य फाइल अपडेटनंतरही त्याच जागी राहते. डिस्कॉर्ड हा गप्पांचा प्रोग्रॅम मात्र प्रत्येक आवृत्तीला नवा फोल्डर करतो. एजचा वेबव्ह्यू२, ज्यावर हल्ली बरेच प्रोग्रॅम आपला पडदा दाखवतात, तोही आवृत्तीच्या आकड्याच्या फोल्डरात बसतो. आणि खुद्द विंडोजचा अँटीव्हायरस, डिफेंडर! त्याचा प्लॅटफॉर्म (मूळ प्रोग्रॅम) अपडेट झाला की ४.१८ नं सुरू होणाऱ्या नावाचा नवा फोल्डर तयार होतो आणि इंजिन तिथून चालू लागतं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. "परवानगी असेल तोच बाहेर" असा कडक बंदोबस्त तुम्ही केला, डिफेंडरला परवानगी दिली आणि निर्धास्त झालात. पुढच्या प्लॅटफॉर्म अपडेटला तो नव्या पत्त्यावर गेला आणि क्लाउडशी, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरशी, त्याचं बोलणं तुटलं. व्हायरसच्या नव्या व्याख्या विंडोज अपडेटच्या वाटेनं येतच राहतात, त्यामुळे काही तुटल्याचं लवकर लक्षात येत नाही. उलट बाजूनंही तेच. सगळं मोकळं ठेवून एखाद्याच प्रोग्रॅमला अडवलंत, तर तो अपडेट होऊन नव्या फोल्डरातून बिनदिक्कत बाहेर जातो. फायरवॉलची परीक्षणं वाचते तेव्हा रॅम किती, दिसायला कसा, यावर रकानेच्या रकाने असतात. नियम महिन्याभरानं जिवंत राहतो का, हे कुणी लिहीत नाही. माझ्या दृष्टीनं पहिला प्रश्न हाच.

आता वापरून बघितलेले एकेक. सिंपलवॉल आकारानं एक एमबीहून लहान, ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला). विंडोजच्या फायरवॉलला तो हात लावत नाही, विंडोजच्याच आतल्या फिल्टरिंग प्लॅटफॉर्मवर आपले वेगळे नियम टाकतो, त्यामुळे दोघांनीही सोडलं तरच डेटा जातो. काम चोख. पण नियम पुन्हा पत्त्याचेच. काढायचा असेल तर आधी त्याचे फिल्टर बंद करा, मगच अनइन्स्टॉल.

कोमोडोत पत्त्यात तारा चालतो, म्हणजे माझी मुख्य तक्रार तिथे उरत नाही. पण तो नुसता फायरवॉल नाही, अनोळखी फाइल वेगळी कोंडून चालवणं वगैरे बरंच त्याच्यासोबत येतं. सीएंच्या ऑफिसातून डिजिटल सही नसलेल्या बारक्या युटिलिटी माझ्याकडे सारख्या येतात. रिटर्नच्या दिवसांत त्यातल्या प्रत्येकीची ओळख करून देत बसणं मला परवडत नाही. ज्यांना तेवढी बारकाई हवी आहे त्यांनी जरूर बघावा.

विंडोज फायरवॉल कंट्रोल हा मूळ बिनिसॉफ्टचा, २०१८ पासून मालवेअरबाइट्स कंपनीकडे. याला स्वतःचं इंजिन नाही, विंडोजच्याच फायरवॉलचे नियम तो सांभाळतो. त्यामुळे पत्त्याची अडचण इथेही आहेच. पण मीडियम फिल्टरिंगवर ठेवलं की नियम नसलेला प्रोग्रॅम अडतो आणि लगेच कोपऱ्यात सूचना येते, फाइलच्या पत्त्यासकट. डिफेंडरनं फोल्डर बदलला की मला त्याच दिवशी कळतं, एक क्लिक आणि काम पुढे. फाइलच उरली नाही असे मेलेले नियम वेगळे काढून दाखवतो, ते मी महिन्याला साफ करते. शिवाय इन्स्टॉल होताना प्रोग्रॅम आपणहून स्वतःचे नियम घुसवतात, ते रोखायची सोय सिक्युअर रूल्समध्ये आहे. लॅपटॉपचा निर्णय इथे झाला.

टायनीवॉलबद्दल सुरुवातीला मी ओळखीच्यांना "लावू नका" सांगत होते. तो विचारतच नाही. नियम नसेल तर गप्प अडवतो आणि परवानगी आपण हुडकून द्यायची, हे मला हेकट वाटलं. आता मत बदललंय. लेकाला सूचना आली की तो न वाचता "अलाऊ" दाबतो, मग सूचना असून काय उपयोग? टायनीवॉलला पासवर्ड घालता येतो, आणि परवानगी देताना तीच परवानगी त्या प्रोग्रॅमनं सुरू केलेल्या प्रोग्रॅमांनाही लागू करता येते. डिस्कॉर्ड ज्या अपडेटरमधून उघडतो तो नेहमीच्या जागी असतो, त्यालाच परवानगी दिली की आतला फोल्डर कितीही बदलो. लेकाची कुरकुर तिथे थांबली.

दोन गोष्टी कोणताही फायरवॉल लावलात तरी लागतील. विंडोजमध्ये अडवायचा नियम सोडायच्या नियमावर मात करतो. ती परवानगीची खिडकी कुणी घाईत "कॅन्सल" केली की बऱ्याचदा अडवायचा नियम तयार होऊन बसतो, मग वर दहा परवानग्या दिल्या तरी उपयोग नाही. आधी तो नियम शोधून काढा. दुसरं, राऊटर बदलला की विंडोज त्याला नवं नेटवर्क समजून पब्लिक (परकं, भरवशाचं नसलेलं) करून टाकू शकतं. आमच्याकडे असंच झालं, प्रिंटर आणि टॅलीचा शेअर केलेला फोल्डर एकदम दिसेनासे झाले. फोनवरचा सर्व्हिसवाला "फायरवॉल बंद करा" म्हणाला. बंद काही केला नाही, नेटवर्क प्रायव्हेट केलं, दोन्ही परत दिसले.

विंडोज १० वाल्यांनी एक लक्षात ठेवा, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २०१७ च्या मे महिन्यातला वॉनाक्राय हा फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा वर्म आठवा. त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती, ज्यांनी ती टाकली नव्हती तेच अडकले. पॅच, म्हणजे अशी दुरुस्ती, नसेल तर यातला कुठलाही फायरवॉल पुरा पडणार नाही. आणि बदल करायच्या आधी, विंडोज फायरवॉलच्या ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीच्या खिडकीतून सगळे नियम एक्स्पोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवा. बिघडलं तर इम्पोर्ट करून मागे जाता येतं, नवी पेठेला जावं लागत नाही.