माजी सैनिकांच्या मुलींसाठीचा सोशल स्किल्स ग्रुप: पहिल्या बॅचनंतरचा अनुभव (सातारा)

पुढच्या बॅचच्या फीचा मेसेज आलाय आणि पालकांच्या बैठकीची वेळ तीच आहे, बुधवारी सकाळी 11. म्हणून लिहितेय.

आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आले, आता बँकेत सिक्युरिटीला आहेत. बुधवारी 11 ला त्यांना कोण सोडणार? ग्रुपमधल्या इतर मुलींचे वडीलही असेच कुठल्या ना कुठल्या गेटवर ड्युटीला. बैठकीला फक्त आयाच.

मुलगी नववीत आहे. पठाणकोट, जबलपूर, बेळगाव, दर बदलीला मैत्रिणी सुटल्या. इथे तिच्या हिंदी वळणाच्या मराठीला वर्गातल्या मुली हसायच्या, मग ती बोलेनाशीच झाली.

चारचौघांत बोलायला, मैत्री करायला शिकवणारं हे रविवारचं सत्र दीड तासाचं. ग्रुप घेणाऱ्या ताई एखादा प्रसंग करून दाखवतात, मग मुली जोडीजोडीने करतात. सुरुवातीला मला वाटलं, नाटक बसवायला 3,500 रुपये? मत बदललं ते फोनच्या गृहपाठामुळे. दर आठवड्याला ग्रुपमधल्या एका मुलीला फोन करायचा, तिला काहीतरी विचारायचं, तिचं पूर्ण ऐकायचं. पहिल्यांदा हिने "हॅलो, मी बोलतेय" इथपासून सगळं वहीत लिहून घेतलं होतं आणि बोट ठेवून वाचत होती. दिवाळीनंतर वही खालीच ठेवून गच्चीवर गेली. आता हाक मारूनही खाली येत नाही. डब्याच्या सुट्टीतही घोळक्याजवळ थांबून आधी विषय ऐकते, मग त्यातलंच काहीतरी बोलते. एवढ्यानेच पैसे वसूल झाले.

पण बैठकीचं मी सोडणार नाही. ताईंनीच सांगितलं की ही पद्धत अमेरिकेत यूसीएलए या विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉगसन यांनी आखलेल्या 'पीअर्स' कार्यक्रमावरून घेतलीय. तो मुळात ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांसाठी होता, आणि त्यात मुलांचा गट चालू असतानाच शेजारी पालकांचा गट चालतो. मग आपल्याकडे बुधवार कुठून आला?

फील्ड पोस्टिंगला, म्हणजे सीमेसारख्या ठिकाणी नेमणूक असली की, कुटुंब नेता येत नाही. तेव्हा ह्यांचा फोन यायचा तो "अभ्यास कर, आईला त्रास देऊ नको" एवढाच. घरी आल्यावरही बापलेकीचं बोलणं तेवढंच राहिलंय. मैत्रिणीला "मला हे आवडलं नाही" असं सांगायला मुलगी शिकली, पण ह्यांच्यासमोर अजून "हो पप्पा" च्या पुढे जात नाही. ह्यांनाही बोलायचं असतं, सुरुवात कशी करायची ते कळत नाही. बैठकीत नेमकं तेच शिकवतात.

रविवारी खोली मिळत नाही असं उत्तर मिळालं. आम्ही व्हरांड्यात सतरंजी टाकून बसायला तयार आहोत, तसं लेखी दिलंय. सध्या निम्मी फी भरलीय. बाकीची वेळ बदलल्यावर.