सराफ्यात जायचंय, मग दिवसभर काय खावं?

भाचीचा प्रश्न: शनिवारी रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (एक कंद), भुट्ट्याचा कीस हाणायचा, तर सकाळचे पोहे सोडू की दिवसभर थोडं थोडं खाऊ? हिशेब १८०० कॅलरींचा धरू. रात्रीसाठी ९०० राखायच्या.

नाश्ता बुडवणं सोपं. ना मोजमाप, ना डबा. पोहे-जिलबी टाळली की बरीच शिल्लक पडते. पण चार वाजता ऑफिसात शेवेचं पाकीट फुटतं आणि शिल्लक तिथेच संपते. माझी तरी संपते.

हलकं खाण्यात खटपट आहे. सकाळी मोड आलेली मटकी, दुपारी एक पोळी, वाटीभर वरण, काकडी, ताक. फोडणीचं तेल चमच्याने मोजायचं, कारण १ ग्रॅम तेलात ९ कॅलरी, तेवढ्याच प्रथिनांत ४. पोट मात्र शांत राहतं, सराफ्यात पहिल्याच दुकानावर तुटून पडत नाही आपण.

सकाळी मुळात भूकच लागत नसेल तर नाश्ता सोड. संध्याकाळी राहवत नसेल तर हलकं खाणंच बरं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी राहू नये. आणि गराडू तळलेला असतो, बाई. दोघींत एक प्लेट.