बेरात की ग्यिरोकास्तर? अल्बेनियात एकच जिल्हा जमणार असेल तर

दोन्ही जिल्ह्यांची मुख्य गावं युनेस्कोच्या एकाच नोंदीत आहेत, ग्यिरोकास्तर २००५ ला आलं आणि बेरात २००८ ला त्यालाच जोडलं, दोन्ही ऑटोमन काळातली, म्हणून फोटोत सारखीच वाटतात. पण प्रत्यक्षात लय फरक आहे.

बेरातला ओसुम नदीच्या एका काठाला मंगालेम, समोर गोरित्सा. मंगालेमची पांढरी घरं डोंगरावर एकावर एक चढलेली आणि प्रत्येकाला खिडक्याच खिडक्या. हिवाळ्यात जाणार असाल तर रूम मंगालेमलाच घ्या, गोरित्साला डोंगराच्या सावलीमुळे ऊन फारच कमी मिळतं. पण खरी गोष्ट वरचा किल्ला. आपण किल्ला म्हटलं की ओसाड तटबंदी डोळ्यापुढे येते, इथे आत अजून लोक राहतात, दारात आज्या क्रोशाचे टेबलक्लॉथ भिंतीला टांगून विकतात, आणि त्याच गल्लीतल्या जुन्या चर्चमध्ये सोळाव्या शतकातल्या ओनुफ्रीची चित्रं, त्याचा तो लाल रंग बघाच. १९६७ ला देशात धर्मावरच बंदी आली आणि कितीतरी चर्च, मशिदी पाडल्या, त्यातून हे वाचलंय म्हणून मला त्याचं जास्तच अप्रूप.

ग्यिरोकास्तर दगडाचं. छपरंसुद्धा दगडी पाट्यांची, पाऊस पडला की रस्ता घसरडा, चांगले बूट पाहिजेतच. इथली घरं वाडे नाहीत, गढ्या आहेत: १८१२ च्या सुमाराचं झेकाते घर बघा, खाली कोठार नि पाण्याचं टाकं, माणसं वरच्या मजल्यांवर. हुकूमशहा एन्वर होजा आणि लेखक इस्माईल कादारे दोघं याच गावचे. व्हेज खाणाऱ्यांनी किफकी मागा, भात, अंडं आणि पुदिन्याचे तळलेले गोळे, अर्थात अंडं चालत असेल तर.

दोनच दिवस असतील आणि तिरानाहून जाणार असाल तर बेरात, रस्ता अडीचेक तासांचा आहे. चार दिवस असतील तर मी डोळे झाकून ग्यिरोकास्तर म्हणेन, कारण तो जिल्हा गावाबाहेरही भरलेलाय: पर्मेतजवळ बेन्याचे गरम पाण्याचे झरे, २०२३ ला नॅशनल पार्क झालेली व्योसा नदी, आणि पर्मेतचं ग्लिको, म्हणजे अख्खे कोवळे अक्रोड पाकात मुरवलेले, अगदी आपल्या मोरावळ्यासारखे. एक बाटली बॅगेत टाकाच.